जाड ठोकळ्याचे भवितव्य : जुन्नर-आंबेगावच्या संदर्भात

ज्या लाकडाची जाडी चार इंच किंवा त्याहून अधिक आहे, ज्याची लांबी-रुंदी फर्निचरच्या कोणत्याही कामात बसत नाही, आणि जे जाळावे म्हटले तर जीव होत नाही व ठेवावे म्हटले तर जागा होत नाही, अशा तुकड्याला प्रस्तुत लेखात ‘जाड ठोकळा’ असे म्हटले आहे. हा ठोकळा लेथवर, म्हणजे लाकूड पकडून मोटारीने गरगर फिरवणाऱ्या आणि समोर धरलेल्या पटाशीने ते गोल कातू देणाऱ्या यंत्रावर, चढवला असता त्याचे काय काय करता येईल, हा प्रश्न वरवर पाहता सुतारकामाचा वाटतो. तथापि पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत त्याचा थोडा बारकाईने विचार केल्यास तो अर्थशास्त्राचा, समाजशास्त्राचा आणि बऱ्याच अंशी गृहकलहाचा प्रश्न आहे, असे ध्यानात येते.

ठोकळ्यांचा तुटवडा या भागाला कधी जाणवलेला नाही. पुणे-नाशिक महामार्गाचे रुंदीकरण झाले तेव्हा रस्त्याकडेची जुनी झाडे आडवी झाली; ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दोन्ही तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात हिरड्याची आणि इतर झाडे मोडून टाकली; आणि बांधावरचे झाड वाटणीच्या वेळी नेमके मोजणीच्या रेषेवर निघाल्यामुळे ते दुसऱ्याला मिळू नये एवढ्या एका मुद्द्यावर दोघा भावांचे एकमत होऊन पाडले गेले, असेही घडत आले आहे, मात्र या तिसऱ्या कारणाची नोंद कोणत्याही पंचनाम्यात सापडत नाही. आंबा, चिंच, जांभूळ, हिरडा, साग ही झाडे १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाच्या अनुसूचीत असल्यामुळे ती तोडण्यास रीतसर परवानगी लागते. परवानगीचा कागद हाती येईपर्यंत झाड उभ्या उभ्या वाळून गेले, तर ती लाकूड सुकवण्याच्या शास्त्राला शासनाने केलेली मदत समजावी. पाडलेल्या झाडाचे सरळ खोड सॉ मिलवाला घनफुटाच्या भावाने उचलतो, फांद्या चुलीत जातात, आणि जिथे दोन मोठ्या फांद्या फुटतात तो बेचक्याचा, गाठींनी भरलेला, करवतीला दाद न देणारा भाग मालकाच्या अंगणात राहतो. लेथवाल्यांच्या जगात नेमके याच भागाला मोल असते, कारण तेथे तंतू एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे कातल्यावर पिसाऱ्याची नक्षी उमटते. मालकाला हे ठाऊक नसते, आणि ज्याला ठाऊक असते तो ते मालकाला सांगत नाही.

अंगणात आलेला ठोकळा लेथपर्यंत पोचण्याआधीच कामाला लागतो, ही पहिली अडचण होय. त्यावर बसून आजोबा तंबाखू मळतात, त्याच्यावरच जळण फोडले जाते, ट्रॉलीचे चाक काढायचे झाले की तोच जॅकखाली जातो, आणि विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून रात्री तोच तेथे आडवा लावला जातो. अशा रीतीने एकाच वेळी चार खात्यांचा कार्यभार सांभाळणाऱ्या ठोकळ्याला जागचा हलवायचे म्हटले, की घरातील प्रत्येकाचा त्यावर हक्क निघतो. सातबाऱ्यावर ठोकळ्याची नोंद होत नाही, हे एक बरे आहे. होत असती तर ‘इतर अधिकार’ या रकान्यात जागा पुरली नसती.

दुसरी अडचण सुकण्याची आहे. ओल्या लाकडातील पाणी निघून जाताना ते आकसते, पण सर्व दिशांनी सारखे आकसत नाही. वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने ते जेवढे आकसते त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने आकसते, आणि या मतभेदातून ओंडक्याला आरपार तडा जातो. म्हणून जाणकार सुतार ओंडका गाभ्यातून चिरून त्याचे दोन भाग करतात, टोकांना मेण किंवा ऑइलपेंट फासतात आणि सावलीत रचून ठेवतात. बाभळीचे ओंडके पाण्यात बुडवून ठेवण्याची रीतही जुनी आहे, कारण त्याने लाकडातला रस धुऊन जातो आणि पुढे कीड लागण्याचे भय कमी होते. उघड्या हवेत सुकणाऱ्या लाकडाला इंचभर जाडीमागे अंदाजे एक वर्ष, असा ठोकताळा या धंद्यात जगभर मानला जातो. त्या हिशेबाने पाच इंची ठोकळ्याला ग्रामपंचायतीची एक पूर्ण मुदत लागते. म्हणजे ज्या सरपंचाच्या कारकिर्दीत झाड पडले त्याच्या कारकिर्दीत त्याचे काही होण्याची शक्यता नाही, आणि नवा सरपंच आधीच्याचे अपुरे काम हाती घेत नाही, हा तर सर्वमान्य प्रघात आहे.

त्यात या भागाचे हवामान भर घालते. पश्चिमेला नाणेघाट, आहुपे आणि भीमाशंकरच्या कड्यांवर पाऊस कोसळत असतो, तेव्हा पूर्वेकडच्या गावांत लोक आभाळाकडे डोळे लावून बसलेले असतात, आणि लाकूड हे दोन्ही प्रकारच्या हवेशी प्रामाणिक राहते. पूर्वेकडच्या कोरड्या हवेत कातलेल्या डब्याचे झाकण आहुप्याच्या आषाढात फुगून असे बसते, की आत ठेवलेली वस्तू दिवाळीपर्यंत घरच्यांपासूनही सुरक्षित राहते. ज्यांना एवढा धीर नाही त्यांच्यासाठी एक तोड आहे : लाकूड ओले असतानाच वाडगा ओबडधोबड कातून घ्यावा, त्याची भिंत व्यासाच्या एक दशांश जाड ठेवावी, आणि तो काही महिने बाजूला ठेवून वाकडातिकडा होऊ द्यावा, मग पुन्हा लेथवर चढवून नीट गोल करावा. या पद्धतीत वाळण्याचे सर्व रुसवेफुगवे आधीच उरकून घेतलेले असतात. तिचा तोटा एवढाच, की त्या काही महिन्यांत अर्धवट वाडग्यात कोणीतरी खिळे, कोणीतरी लसणाचे बी आणि कोणीतरी वीजबिलाच्या पावत्या ठेवलेल्या असतात, आणि मग तो रिकामा करून देण्यास कोणीच तयार होत नाही.

लाकूड कातणाऱ्या कारागिराला कातारी म्हणत. जुना कातारी जमिनीवर बसून काम करी. लाकडाभोवती दोरीचे वेढे घातलेले असत, आणि ती दोरी कमानीने किंवा जोडीदाराच्या हातांनी ओढली जाई. अशा यंत्रात लाकूड एकदा पुढे फिरते आणि एकदा मागे, आणि पटाशीची धार फक्त पुढच्या फेरीत कापते, म्हणजे कामाचा निम्मा वेळ यंत्राच्या रचनेनेच विश्रांतीसाठी राखून ठेवलेला असे. ही सोय मोटारीने घालवली. आजचा हौशी कातारी बहुधा विहिरीवरची जुनी मोटार, भंगारातली बेअरिंगे आणि गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याचा उत्साह यांच्या बळावर लेथ उभा करतो. येथे थोडे गणित आवश्यक आहे. ठोकळ्याचा व्यास इंचांत घेऊन त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणले असता उत्तर सहा ते नऊ हजारांच्या दरम्यान यावे, असा नियम सांगितला जातो. म्हणजे बारा इंची ठोकळा मिनिटाला ५०० ते ७५० फेऱ्यांनी फिरावा. पाण्याची मोटार मात्र पुष्कळदा मिनिटाला जवळपास २,८८० फेऱ्यांची असते, आणि मध्ये पुली न घालता बारा इंची ठोकळा तिला थेट जोडला, तर त्याची कड ताशी १६५ किलोमीटरच्या वेगाने धावू लागते. पुणे-नाशिक महामार्गावर हा वेग गाठण्याची इच्छा अनेकांना असते, परंतु ती पुरी करण्याची जागा घराची पडवी नव्हे.

ठोकळा प्रत्यक्ष चढवला जातो तो क्षण जवळून पाहण्यासारखा असतो. चौकोनी ठोकळ्याचे कोपरे आधी कुऱ्हाडीने उडवलेले असतात, तरी तो सर्व बाजूंनी सारखा नसतोच. मोटार सुरू होताच लेथ, लेथखालचे टेबल आणि टेबलावरचा चहाचा कप असे तिघेही एका दिशेने सरकू लागतात. पटाशी पहिल्यांदा टेकते तेव्हा ती लाकडाला एका फेरीत एकदाच लागते, म्हणून आवाज ‘टक् टक्’ असा येतो. कोपरे गेले की टकटक वाढत जाऊन तिची घरघर होते, आणि लाकूड पूर्ण गोल झाले की घरघर संपून एकसुरी ‘सूं’ उरतो. आंबा ओला असेल तर कातणाऱ्याच्या चष्म्यावर रसाचा बारीक शिडकावा होतो, आणि पटाशीच्या धारेवरून पांढुरक्या लाकडाच्या लांब, ओलसर फिती निघून खांद्यावरून मागे पडतात. नेमक्या याच वेळी वीज जाते. फिरता ठोकळा स्वतःच्या वजनाने बराच वेळ फिरत राहतो आणि मग सावकाश थांबतो. आणि त्या अवधीत कातणारा, बघायला जमलेले पाच जण व दारातून डोकावणारी शेजारची मुले असे सर्व जण, हा गडी आता कोणत्या बाजूने थांबणार, यावर मते मांडतात.

ठोकळ्यातून वस्तू किती निघते, याचाही हिशेब मांडून ठेवणे बरे. बारा इंच लांब, बारा इंच रुंद आणि चार इंच जाड ठोकळ्याचे घनफळ ५७६ घनइंच असते. तो गोल करताना कोपऱ्यांपोटी एकवीस टक्क्यांहून अधिक लाकूड जाते. त्यातून अर्धा इंच भिंतीचा, गोलाकार बुडाचा वाडगा काढल्यास त्यात अवघे ७१ घनइंचांच्या आसपास लाकूड उरते. याचा अर्थ ठोकळ्याचा आठवा हिस्सा म्हणजे वाडगा आणि उरलेले सात हिस्से म्हणजे भुसा व ढलप्या. दोन्ही तालुक्यांत कोंबड्यांच्या पोल्ट्र्या आहेत आणि पोल्ट्रीत जमिनीवर अंथरायला कोरडा भुसा चालतो. त्यामुळे काटेकोर आर्थिक दृष्टीने पाहिल्यास लेथ हे पोल्ट्रीसाठी भुसा तयार करणारे यंत्र असून वाडगा हा त्याचा उपपदार्थ आहे, असेच म्हणावे लागते.

आता प्रत्यक्ष वस्तूंकडे वळता येईल. जाड ठोकळ्याची या प्रदेशातील सर्वांत मानाची नियुक्ती म्हणजे बैलगाडीच्या चाकाचा तुंबा. तुंबा म्हणजे चाकाच्या मध्यभागीचा लाकडी गोळा. त्याच्या पोटातून आस जातो, अंगावर कोरलेल्या खाचांत आरे बसतात, आऱ्यांच्या टोकांवर पुठ्ठे आणि पुठ्ठ्यांवर तापवून चढवलेली लोखंडी धाव. बाभळीचे जाड, चिवट लाकूड या कामाला लागत असे, आणि वर्षाच्या धान्याच्या बलुत्यावर काम करणारा गावचा सुतार बाभळीच्या झाडाकडे पाहतानाच त्यातला तुंबा डोळ्यांनी मोजून ठेवीत असे. पुढे गाडीला रबरी टायर आले आणि तुंब्याची जागा लोखंडाने घेतली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला, तेव्हा या दोन तालुक्यांतील घाट, म्हणजे गाडे पळवायच्या चढाच्या धावपट्ट्या, पुन्हा गुलालाने भरले. तथापि ठोकळ्याने यातून फारशी आशा धरू नये. शर्यतीत चार बैल, पुढे घोडी आणि सेकंदांचा हिशेब असतो. तेथे गाडा जितका हलका तितका बरा, आणि जाडी हा गुण फक्त गाडामालकाच्या मिशीत शोभतो.

दुसरी नियुक्ती उखळाची. पश्चिमेकडच्या भाताच्या गावांत लाकडी उखळ आणि मुसळ ही घरची गिरणी होती. जाड बुंध्याला वरून खोल खळगा पाडून उखळ होई, आणि हा खळगा लेथवर कातणे पटाशीने कोरण्यापेक्षा पुष्कळ सोपे आहे. दुर्दैवाने ते सोपे झाले तोवर गावोगाव भात-गिरणी पोचली होती. आता उखळ कातले तर ते कृषी पर्यटन केंद्राच्या दारात ठेवले जाते आणि शहरातून आलेले पाहुणे त्यात मुसळ धरून फोटो काढतात. एकदा कांडल्यावर दुसऱ्यांदा कांडण्याची इच्छा कोणाला झाल्याचे दिसत नाही. उखळात डोके घातल्यावर मुसळाला भ्यायचे नाही, हा जुना उपदेश अशा रीतीने पर्यटन व्यवसायाच्या उपयोगी पडला आहे.

तिसरी नियुक्ती अधिक आशादायक आहे. नारायणगाव ही तमाशाची पंढरी समजली जाते. विठाबाई नारायणगावकरांनी त्या गावाचे नाव महाराष्ट्रभर नेले, आणि आजही यात्रांच्या हंगामाच्या तोंडावर तेथे फडमालकांच्या राहुट्या लागतात व गावोगावचे यात्रा कमिटीवाले येऊन सुपारी ठरवतात. तमाशा आला की ढोलकी आली आणि ढोलकी आली की तिचे खोड आले. खोड म्हणजे ढोलकीचे लाकडी अंग. एकसंध ओंडका बाहेरून फुगीर कातून आणि आतून पोखरून ते होते, आणि त्याच्या दोन तोंडांवर शाईची व धुमाची अशा दोन पुड्या दोरीने ताणून बसवतात. जाड ठोकळ्यासाठी याहून उत्तम स्थळ नाही. परंतु खोडाच्या भिंतीची जाडी, आतला पोकळपणा आणि लाकडाचा कोरडेपणा यांवर आवाज ठरतो, आणि ढोलकीवाला ते खोड कानाशी धरून बोटाने एकदाच टिचकी मारतो. त्या टिचकीनंतर तो काही न बोलता खोड खाली ठेवतो, तेव्हा हौशी कातारी ते घरी नेऊन त्यात छत्र्या उभ्या करतो.

तालमीकडे वळल्यास ठोकळ्याला पुन्हा थोडा मान मिळतो. मुद्गल आणि करेल ही व्यायामाची जड लाकडी साधने जाड ठोकळ्यातूनच निघतात, आणि मल्लखांब हा तर कातकामाचा सर्वांत लांब नमुना. पेशवाईच्या अखेरच्या काळात बाळंभट दादा देवधरांनी त्या विद्येला पुन्हा उजेडात आणले, तेव्हापासून बुंध्याला जाड, वर निमुळता, मानेशी बारीक आणि डोक्याला बोंडू असा खांब सुतारांची परीक्षा पाहत आला आहे. आखाड्यातली गदा ही मात्र हल्ली अधिक चालते. एका दांड्यावर एक गोळा, एवढीच तिची रचना असल्यामुळे ती लेथसाठी जणू मागणी करून बनवलेली वस्तू आहे. वर चांदीचा पत्रा चढवला की ती मल्लाच्या खांद्यावर शोभते. पूर्वी गदा मिळवायला कुस्ती मारावी लागत असे. आता निवडून येणाऱ्यालाही ती देतात, आणि निवडून येईल असे वाटणाऱ्यालाही, त्यामुळे गदेची मागणी कुस्त्यांच्या संख्येपेक्षा निवडणुकांच्या संख्येवर अवलंबून राहू लागली आहे. यापुढे गदा आतून पोकळ कातावी, अशी सूचना करावीशी वाटते. खांद्यावर घेऊन फोटो होईपर्यंत उभे राहणाऱ्यांचे वय पाहता ती अस्थानी ठरू नये.

वाडगा हा जगभरच्या लेथवाल्यांचा पहिला उद्योग असला, तरी या प्रदेशात त्याला दोन अडचणी आहेत. पहिली अशी, की वाडग्यांच्या बाबतीत येथील माणसाची नजर मोठी झालेली आहे. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या तीस थाळ्यांपैकी प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर असून तारांची जाळी ताणून त्या इतक्या हलक्या केल्या आहेत, की वारा त्यांच्या आरपार जातो. दुसरीकडे नाणेघाटाच्या माथ्यावर दगडात कोरलेला रांजण आहे, त्यात जकात गोळा होत असे असे सांगतात. एका बाजूला आकाशाचे बोल ऐकणारी थाळी आणि दुसऱ्या बाजूला दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजमार्गाची तिजोरी असताना आठ इंची वाडगा पाहुण्यांसमोर ठेवणे धाडसाचे होते. दुसरी अडचण घरगुती आहे. वाडग्याला तेल लावावे लागते, तो घासणीने घासता येत नाही, पाण्यात भिजत ठेवता येत नाही, त्यात आमटी वाढता येत नाही. हे सर्व नियम सांगून झाल्यावर घरातील बाईमाणूस एकच प्रश्न विचारते, की मग स्टीलच्या वाटीने काय घोडे मारले होते?

फुलदाणीचे दुखणे याहून अवघड आहे, कारण लाकडी फुलदाणीत पाणी घालता येत नाही आणि पाण्याविना फूल टिकत नाही. त्यामुळे ती प्लास्टिकच्या फुलांचीच राहते. फळे कातण्याचा मार्ग सावंतवाडीच्या कारागिरांनी फार पूर्वी चोखाळला आहे, आणि त्यांची लाकडी केळी-आंबे पाहून माश्याही फसाव्यात, अशी ती रंगवलेली असतात. जुन्नरमध्ये मात्र बांधावरच्या आंब्याचे लाकूड कातून त्याचा आंबा करण्यास निघालेल्या माणसाला शेजारी हमखास आठवण करून देतो, की हेच काम ते झाड दर वैशाखात फुकट करीत होते. बिबळ्याच्या लाकडाचा पेला हा आणखी एक उद्योग. त्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्याला पिवळट तपकिरी रंग येतो व उन्हात निळसर झाक दिसते. ते पाणी मधुमेहाला चालते अशी ख्याती असल्यामुळे पेले खपतात. विकणाऱ्याने डॉक्टरच्या गोळ्या चालू ठेवायला सांगावे आणि घेणाऱ्याने जिलेबी बंद ठेवावी, एवढे पाळले गेले तर पेल्याने कोणाचे नुकसान होण्याचे कारण नाही. अनुभव असा, की पेला आला या समाधानात नेमकी जिलेबीच पुन्हा सुरू होते.

कातीव खांबांविषयी बोलताना मान खाली घालावी लागते. लेण्याद्रीच्या चैत्यगृहातील स्तंभ पाहावेत : तळाशी घट, म्हणजे गोल पोटाचा कलश, त्यावर अष्टकोनी दांडा, वर उपडा घट आणि त्यावर बसलेले प्राणी. हे घट पाहणाऱ्याला ते लेथवर काढले असावेत असे वाटते, इतकी त्यांची गोलाई सारखी आहे, आणि तरीही ते डोंगराच्या पोटात जागच्या जागी छिन्नीने काढलेले आहेत. सातवाहन काळातील पाथरवटांनी दगड स्थिर ठेवला आणि स्वतः त्याभोवती फिरले. आधुनिक कातारी स्वतः स्थिर उभा राहतो, लाकूड फिरवतो, आणि तरीही देव्हाऱ्याचे चार खांब एकसारखे निघाले नाहीत म्हणून दोन पुढे व दोन मागे लावतो. देवाला हे दिसत असणार, पण तो बोलत नाही. पूजेला येणारे गुरुजी मात्र बोलतात.

वरील सर्व नियुक्त्या एकाखाली एक मांडल्या असता त्यांतून एक नियम हाती लागतो, त्याला उतरंडीचा नियम म्हणता येईल. उखळासाठी घेतलेल्या ठोकळ्याला तडा जातो, म्हणून त्याची गदा करायचे ठरते. गदेचा गोळा कातताना पटाशी अडकून खोल खड्डा पडतो, म्हणून तो काढून टाकण्यासाठी व्यास कमी करीत करीत ठोकळ्याची फुलदाणी होते. फुलदाणीचे बूड आत कातता कातता आरपार जाते, म्हणून तिच्या एका बाजूचे लाकूड वाचवून पाळण्याच्या खुंट्या निघतात. आणि खुंट्यांतून जे उरते त्याला खिळ्याची आर ठोकून भोवरा होतो. जाळी गुंडाळून तो भोवरा अंगणात फिरवणारा नातू हाच या सर्व प्रक्रियेतला एकमेव समाधानी ग्राहक असतो, कारण दीड मणाच्या ओंडक्यातून दीड छटाकाची वस्तू निघाली आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

या नियमाला अपवाद एकच आहे, आणि तो म्हणजे लाटणे. लाटण्याला जाड ठोकळा लागतच नाही. दीड-दोन इंची पट्टी पुरते. मंचर, ओतूर, घोडेगाव यांच्या बाजारांत लाटणी, पोळपाट, रव्या आणि मुसळ्या आजही विकल्या जातात, आणि वारकऱ्यांच्या गळ्यातील तुळशीच्या माळेचे मणी तर बोटापेक्षा बारीक काडीतून कातले जातात. म्हणजे ज्यांना बाजार आहे त्या वस्तू बारीक आहेत आणि जे लाकूड अंगणात पडून आहे ते जाड आहे. जाड लाकडाच्या पोटातून बारीक लाटणी काढायला हरकत नाही, एका ठोकळ्यातून चांगली डझनभर निघतील. पण पाच वर्षे ज्याच्याकडे मल्लखांब म्हणून पाहिले त्याची लाटणी करावी, हे मन कोणत्याही पुरुषाला होत नाही, आणि मल्लखांब नको, लाटणी करा, असे त्याला पहिल्याच दिवशी सांगितलेले असल्यामुळे तर मुळीच होत नाही.

मूळ दुखणे यातूनच स्पष्ट होते. तुंबा, उखळ, ढोलकी यांच्या काळात वस्तू आधी ठरत असे आणि ती आपल्यासाठी लाकूड शोधीत असे. गाडीचे चाक मोडलेले असे, पेरणी तोंडावर आलेली असे, आणि सुतार बाभळीच्या बनात फिरत असे. तेव्हा ठोकळ्याचे काय करावे, हा प्रश्न कोणाला पडलाच नाही, कारण ठोकळा उरतच नव्हता. टायर, गिरणी, स्टील आणि प्लास्टिक यांनी एकेक गरज उचलून नेली, मोटारीने लेथ घरोघर परवडण्याजोगा केला, आणि परिणामी आता लाकूड आधी येते व ते आपल्यासाठी वस्तू शोधीत फिरते. कल्पनांची टंचाई वाटते ती यामुळे. कल्पना भरपूर आहेत; टंचाई गरजांची आहे, आणि गरज कोणत्याही लेथवर कातून निघत नाही.

तरीही या दोन तालुक्यांत एक गरज अशी आहे, की तिला ओहोटी माहीत नाही, आणि ती म्हणजे सत्काराची. विघ्नहर आणि भीमाशंकर हे दोन सहकारी साखर कारखाने, गावोगावच्या पतसंस्था, दूध संस्था, गणेश मंडळे, यात्रा कमिट्या, टेनिस बॉलच्या स्पर्धा आणि दहावीच्या गुणवंतांचे मेळावे लक्षात घेता येथे वर्षभरात जेवढी स्मृतिचिन्हे लागत असतील, तेवढे ठोकळे निसर्गालाही पुरवता येणार नाहीत. स्मृतिचिन्ह हे जाड ठोकळ्याच्या स्वभावाला सर्व बाजूंनी मानवते : त्याचा काही उपयोग असण्याची कोणाची अपेक्षा नसते, ते जड असले की मोलाचे वाटते, त्याला गेलेला तडा पितळी पट्टीखाली झाकता येतो, आणि ते घेणारा घरी गेल्यावर ते कपाटावर ठेवतो, जेथून ते तपासण्यासाठी पुन्हा कोणी खाली काढत नाही. मात्र पट्टीवरचे नाव आधी ठरवून, निम्मी रक्कम आगाऊ घेऊन मगच मोटारीचे बटण दाबावे. कारण सत्कारमूर्ती ऐनवेळी पक्ष बदलू शकते, पण कातलेले लाकूड पुन्हा जाड होत नाही. म्हणून लेथपुढे उभे राहणाऱ्याने लेथच्या पकडीत ठोकळा घट्ट बसला आहे का, हे पाहण्याआधी गिऱ्हाईक घट्ट बसले आहे का, हे पाहून घ्यावे.